यंदाची सहल : नदीकाठचे किल्ले आणि नांदते वाडे



पालक-शिक्षक संघाच्या गेल्या सभेत सहलीचा विषय निघाला तेव्हा चार सूचना आल्या. म्हैसूरचा राजवाडा, रायगड, एक वॉटर पार्क, आणि चौथी सूचना माझी : पेडणे आणि डिचोलीच्या आसपासचे किल्ले आणि वाडे. पहिल्या तिन्ही सूचनांवर चर्चा झाली. चौथीवर एका पालकांनी एकच प्रश्न विचारला, "सर, तिथे बघण्यासारखे आहे तरी काय?" सभा संपत आली होती, म्हणून मी त्यांना वार्तापत्रातून उत्तर देण्याचे कबूल केले. ते उत्तर येथे देत आहे. ते थोडे लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

प्रथम माझी एक कबुली. माझे शालेय व महाविद्यालयीन शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. आमच्या इतिहासाच्या पुस्तकांत किल्ले म्हणजे आग्रा, चित्तोड, ग्वाल्हेर. पुढे मराठी वाचू लागलो तेव्हा त्यात राजगड, रायगड, प्रतापगड आले. हे सगळे एकतर प्रचंड, नाहीतर उंच. त्यामुळे किल्ला म्हणजे मान वर करून पाहण्याची गोष्ट, अशी माझी पक्की समजूत झाली होती. गोव्यात शिक्षक म्हणून आल्यावर पहिल्यांदा मुलांना घेऊन मी हळदोण्याजवळच्या खोर्जुवे किल्ल्यावर गेलो. छोटासा, चौकोनी, जांभ्या दगडाचा किल्ला. आत एक अंगण, कोपऱ्यांवर बुरूज, आणि तटावर चढायला पायऱ्यांऐवजी उतरण. सगळा किल्ला पाहायला आम्हाला वीस मिनिटे लागली. परत निघताना सहावीतली एक मुलगी म्हणाली, "सर, इथे डोंगर नाही, काही नाही. मग किल्ला इथेच का बांधला?"

मला उत्तर देता आले नाही. मी "चला, चला, बसमध्ये बसा" असे काहीतरी म्हणालो. शिक्षकाने उत्तर टाळले की मुलांना ते बरोबर कळते. त्या मुलीलाही कळले असणार. त्यानंतर मी जे काही वाचले, पाहिले आणि जाणत्यांना विचारले, ते त्या एका प्रश्नामुळे.

उत्तर सोपे आहे, पण त्यासाठी किल्ल्याकडे पाठ करून उभे राहावे लागते. खोर्जुवेच्या तटावर उभे राहून बाहेर पाहिले की नदी दिसते. आपल्या भागातील बहुतेक किल्ले नदीसाठी आहेत. आज आपण डिचोलीहून म्हापशाला पाऊण तासात जातो, म्हणून नदी आपल्याला आडवी येणारी गोष्ट वाटते. पूल नसता तर केवढा वळसा पडला असता, असे आपण म्हणतो. तीनशे वर्षांपूर्वी नदी हाच रस्ता होता. भात, नारळ, मीठ, लाकूड, दारूगोळा, सैनिक आणि देवदर्शनाला निघालेली माणसे सगळी होडीतून, पडावातून जात. भरतीबरोबर आत यायचे आणि ओहोटीबरोबर बाहेर पडायचे. आपल्या आमोण्याच्या मुलांना हे वेगळे समजावून सांगायला नको. मांडवी आपल्या दारातून जाते, तिचे पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते, आणि खनिज घेऊन जाणाऱ्या बार्जी आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. बार्जींच्या आधी त्याच पाण्यावर काय काय गेले असेल, याची कल्पना करून पाहा.

नदी ही सरहद्दही होती. तिसवाडी १५१० मध्ये आणि बारदेश व साष्टी १५४३ मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली. या जुन्या काबिजादी. डिचोली, सत्तरी, पेडणे, फोंडा वगैरे भाग त्यानंतर सुमारे अडीचशे वर्षे त्यांच्याकडे नव्हता. डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये कायमचे त्यांच्याकडे गेले, म्हणून या नव्या काबिजादी. म्हणजे गोव्यात पोर्तुगीज साडेचारशे वर्षे होते असे आपण सरसकट म्हणतो, ते आपल्या तालुक्याला लागू पडत नाही. परीक्षेत हे विचारत नाहीत, पण लक्षात ठेवावे. मधल्या काळात आपल्या बाजूला आधी आदिलशाही आणि नंतर मराठ्यांचा व सावंतवाडीकर भोसल्यांचा अंमल होता. पलीकडच्या काठावर पोर्तुगीज. मधे नदी. दोन्ही काठांवरून एकमेकांवर नजर.

या सरहद्दीचा अर्थ नीट कळण्यासाठी किल्ल्याआधी एक देऊळ पाहावे, नार्व्याचे श्री सप्तकोटेश्वर. हा देव मूळचा दिवाडी बेटावरचा, कदंब राजांचे दैवत. पोर्तुगीजांनी ते देऊळ पाडले, तेव्हा लिंग नदी ओलांडून अलीकडे डिचोली महालात आणले गेले. पुढे १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी नार्व्याच्या देवळाच्या जीर्णोद्धाराची आज्ञा दिली; तसा शिलालेख देवळात आहे. अलीकडच्या काळात राज्य शासनाने पुन्हा जीर्णोद्धार केला आणि २०२३ मध्ये देऊळ नव्याने खुले झाले. दिवाडी बेट आणि नार्वे यांच्यामध्ये नदीचे एक पात्र आहे, फेरीबोटीने काही मिनिटांचे. एका काठावर देऊळ राहू शकत नव्हते, दुसऱ्या काठावर राहू शकत होते. मुलांनी त्या फेरीबोटीतून एकदा जावे आणि दोन्ही काठ नीट पाहावेत, असे मला फार वाटते. पाचवी ते सातवीच्या सहलीची सुरुवात म्हणूनच नार्व्याहून करायची आहे.

आता पुन्हा खोर्जुवेकडे. हे नदीतले बेट. १७०५ मध्ये विजरई काएतानु द मेलू इ काश्त्रू याने वाडीकर सावंतांविरुद्ध मोहीम काढली, त्यात खोर्जुवे आणि पानेली ही बेटे घेतली आणि खोर्जुवेला आज दिसतो तो किल्ला उभा केला. हळदोणे व बारदेशावर वरच्या बाजूने कोणी चालून येऊ नये, हा त्याचा हेतू. या मोहिमेशी एका स्त्रीचे नाव जोडलेले आहे, मारिया उर्सुला. ती ब्राझीलमधल्या रिओची. १७०० मध्ये लिस्बनला पुरुषाचा वेष करून, पुरुषाचे नाव घेऊन ती सैन्यात भरती झाली आणि गोव्यात आली. १७१४ पर्यंत, म्हणजे जवळजवळ चौदा वर्षे, ती सैनिक होती. पुढे तिने एका किल्लेदार अधिकाऱ्याशी लग्न केले आणि पोर्तुगालच्या राजाने तिला तनखा दिला. मुलींनो, तुमच्यापैकी काहीजणींना ही गोष्ट फार आवडेल हे मला ठाऊक आहे. मात्र ती ज्या बाजूने लढली, त्या बाजूच्या समोर आपले लोक होते, हेही ध्यानात असू द्या. इतिहासात शूर माणसे दोन्ही काठांवर असतात.

तिच्या पराक्रमाच्या पोर्तुगीज वर्णनांत खोर्जुवे आणि पानेलीबरोबर आणखी एका किल्ल्यावरच्या हल्ल्याचा उल्लेख येतो. त्या किल्ल्याचे नाव ते लोक 'आंबोना' असे लिहितात. हे नाव दोन-तीनदा मोठ्याने उच्चारा आणि तुम्हाला कोणते गाव ऐकू येते ते सांगा.

मी आठवीच्या वर्गात हे सांगितले तेव्हा क्षणभर शांतता पसरली आणि मग एकच गोंगाट झाला. किल्ला कुठे होता, बेताळाच्या देवळाकडे की नदीकडे, शेतात की माडांच्या कुळागरात, यावर मधल्या सुट्टीत भांडणे झाली. एका मुलाने दुसऱ्या दिवशी आजोबांकडून शेतांची आणि भाटांची जुनी नावे लिहून आणली, तब्बल एक पान. त्यातून किल्ला सापडेल असे मी म्हणत नाही. पण ही नावे आजोबांबरोबरच जाणार होती, ती आता शाळेच्या कपाटात आहेत. इतरांनीही आणावीत. जागेचे नाव आणि ते कोणी सांगितले, एवढे लिहिले तरी पुरे.

आठवी ते दहावीची सहल वेगळ्या दिशेने, पेडण्याकडे जाईल. पहिला मुक्काम हळर्ण. ही नदी वर तिळारी आणि खाली शापोरा. तिच्या उत्तर काठावर, झाडीत, सावंतवाडीकर भोसल्यांचा सतराव्या शतकातला हा किल्ला आहे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा बुरजापेक्षा वेली जास्त होत्या. गेल्या काही वर्षांत पुरातत्त्व खात्याने दुरुस्ती केली आहे. नवा चिरा आणि जुना चिरा रंगावरून ओळखू येतो. मुलांनी तो फरक पाहावा. जुना चिरा काळवंडलेला, शेवाळ धरलेला. नवा तांबूस. किल्ला कुठे पडला होता, हे नव्या दगडांवरून कळते.

हळर्णची गोष्ट मला सर्वांत जास्त आवडते. ५ मे १७४६ रोजी विजरई मार्किश द काश्तेलु नोव्ह याने हा किल्ला जिंकला. लिस्बनला याचा एवढा आनंद झाला की राजाने त्याचा किताबच बदलला, आणि तो 'मार्किश द आलोर्न' झाला. आलोर्न म्हणजे आपले हळर्ण! त्यानंतर त्याच्या घराण्याचे नावच ते झाले. त्याची नात मार्किझा द आलोर्न ही अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली पोर्तुगालची नामांकित कवयित्री. आजही त्या देशात आल्मेईरी गावी 'किंता द आलोर्न' नावाची मोठी बागायत आहे आणि तिथल्या द्राक्षांची वाइन याच नावाने विकली जाते. पेडणे तालुक्यातल्या एका खेड्याचे नाव तीनशे वर्षांनंतरही लिस्बनच्या दुकानांतल्या बाटल्यांवर आहे, आणि हळर्णच्या किती घरांत हे माहीत असेल? हा किल्ला पुढे भोसल्यांकडे परत गेला आणि शेवटी पोर्तुगीजांकडेच राहिला. आपण जाऊ तेव्हा बुरजावर उभे राहून एवढेच पाहायचे : खालून होडी आली असती तर ती किती दूरवरून दिसली असती?

तिथून तेरेखोल. याच विजरईने १७४६ च्या नोव्हेंबरात तेरेखोलचा भोसल्यांचा किल्ला घेतला. भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी गोव्याचा नकाशा समोर घ्यावा. उत्तरेला तेरेखोल नदी ही गोव्याची सीमा आहे. पण नदीच्या पलीकडे, महाराष्ट्राच्या बाजूला, गोव्याचा एक लहानसा तुकडा दिसतो. नकाशा काढताना तो तुकडा बरीच मुले विसरतात आणि त्यांचा अर्धा गुण जातो. तो तुकडा म्हणजे तेरेखोल. नदीमुखावर नजर ठेवणारा किल्ला ज्याच्या हाती, नदी त्याच्या हाती. म्हणून पोर्तुगीजांनी किल्ला आणि त्याच्या भोवतीचे गाव धरून ठेवले. ती सरहद्द आजही तशीच आहे. राज्यांच्या सीमा अशाच पडत गेलेल्या असतात, त्यामागे कधीकधी एवढासा किल्ला असतो.

तेरेखोलच्या किल्ल्यात चर्च आहे. अनेक वर्षे तिथे हॉटेलही चालवले गेले. पण मुलांना मी आधी सांगणार आहे ते १५ ऑगस्ट १९५४ चे. त्या दिवशी गोव्याच्या मुक्तीसाठी निघालेल्या सत्याग्रहींच्या एका तुकडीने निःशस्त्र जाऊन या किल्ल्यावर तिरंगा फडकवला आणि मग अटक पत्करली. भारताला स्वातंत्र्य मिळून सात वर्षे झाली होती आणि गोवा मुक्त व्हायला आणखी सात वर्षे होती. केरीहून फेरीबोटीने पलीकडे जाताना हे आठवावे.

शापोऱ्याचा किल्ला यात का नाही, असे काही मुले विचारतील, कारण २००१ मध्ये आलेल्या एका हिंदी सिनेमामुळे तो देशभर प्रसिद्ध झाला. किल्ला चांगला आहे, १७१७ मध्ये पोर्तुगीजांनी बांधला आणि १७३९ ते १७४१ या काळात तो आपल्या लोकांच्या हाती होता. पण आता तिथे एवढी गर्दी असते की पन्नास मुले सांभाळणे आमच्या शिक्षकांना कठीण जाईल. ज्यांना पाहायचा असेल त्यांनी रविवारी आईवडिलांबरोबर जावे.

आता वाड्यांविषयी, आणि इथेच पालकांची खरी शंका आहे. किल्ला रिकामा असतो, त्यात कोणी राहत नाही. वाडा म्हणजे कोणाचे तरी घर. पेडण्याचा देशप्रभूंचा वाडा आपल्या भागातला सर्वांत मोठा. पोर्तुगीज राजाने या घराण्याला 'विश्कोंद' हा किताब दिला होता. पुढचा दर्शनी भाग युरोपीय धाटणीचा आणि आत गेल्यावर राजांगण, तुळशीवृंदावन, वसरी, देवघर, माजघर, एकामागून एक चौक. म्हणजे पुढच्या दाराने पाहिले तर घर लिस्बनचे आणि मागच्या दाराने पाहिले तर पेडण्याचे. दोन्ही राज्यकर्त्यांशी व्यवहार करून टिकलेल्या घराण्याचे घर असेच असणार. जवळच भगवतीचे देऊळ आहे. तिथल्या दोन काळ्या पाषाणी हत्तींना हात लावायला लहान मुलांना फार आवडते. हत्तींना हरकत नाही, पुजाऱ्यांना विचारावे.

पण या वाड्यात कुटुंब राहते. पन्नास मुलांनी चपलांचा ढीग घालून कोणाच्या माजघरात शिरावे का? माझे स्पष्ट मत आहे की परवानगीशिवाय नाही, आणि परवानगी मिळाली तरी पंधरा-पंधराच्या गटांत. परवानगी न मिळाली तर वाडा रस्त्यावरून पाहू आणि देवळात जाऊ. त्यात कमीपणा काही नाही.

मात्र राहते घर आणि पाहुणे यांचा मेळ घालता येतो, हे इतर देशांनी करून दाखवले आहे. इटलीत पार्मा आणि पिआचेंझा या शेजारच्या दोन प्रांतांत जुने किल्लेवजा वाडे पुष्कळ आहेत. त्यांतल्या बऱ्याच वाड्यांच्या मालकांनी आणि नगरपालिकांनी मिळून एक संस्था केली आहे. सोरान्या गावचा वाडा आजही मेली लूपी या जुन्या घराण्याकडे आहे. तिथे ठरलेल्या वेळी, वाटाड्याबरोबर, ठरावीक दालनेच पाहता येतात. शेजारच्या फोंतानेल्लातोचा वाडा सानव्हिताले घराण्याने १९४८ मध्ये नगरपालिकेला विकला आणि आता तो संग्रहालय आहे. तोर्रेकियारा हा पंधराव्या शतकातला मोठा किल्ला सरकारकडे आहे. म्हणजे एक घराण्याकडे, एक गावाकडे, एक सरकारकडे. पण पाहणाऱ्याला तिन्ही एकाच फेरीत पाहता येतात. छप्पर गळायला लागले की तिकिटाचे पैसे उपयोगी पडतात. आपल्याकडे जुने वाडे बंद दाराआड हळूहळू खचतात. मालकाला दुरुस्ती झेपत नाही आणि गावाला आत काय आहे ते माहीत नसते. मग एक दिवस तिथे फ्लॅट उभे राहतात.

आपल्याजवळचे चांगले उदाहरण म्हणजे सावंतवाडीचा राजवाडा. तिसरे खेम सावंत यांच्या काळातला, म्हणजे १७५५ ते १८०३ या दरम्यानचा. समोर मोती तलाव. ज्या भोसल्यांचे किल्ले आपण दिवसभर पाहिले, ते राहत कुठे, याचे उत्तर इथे मिळते. विसाव्या शतकात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी यांनी गंजिफा आणि लाखकामाची बुडत चाललेली कला राजवाड्यातच कारागीर बसवून पुन्हा उभी केली. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाची बारा पाने, एकूण १२० पाने. पाचवीच्या मुलांनी हा गुणाकार करून पाहावा. सातवीच्या मुलांनी कोणत्या अवताराची खूण कोणती ते पाहून यावे. राजवाड्याचे दार बंद न ठेवता त्यात काम सुरू केले म्हणून ही कला जिवंत आहे. सावंतवाडी एकाच दिवसात जमणार नाही, म्हणून ती पुढच्या वर्षासाठी ठेवली आहे.

नाणूसविषयी थोडेच लिहितो, कारण तिथे पाहण्यासारखे थोडेच उरले आहे. वाळपईजवळ, म्हादईच्या खोऱ्यात हा किल्ला होता. २६ जानेवारी १८५२ रोजी दीपाजी राणे यांनी तो ताब्यात घेऊन पोर्तुगीजांविरुद्ध बंड उभारले. ते बंड साडेतीन वर्षे चालले आणि सरकारला अखेर त्यांच्याशी तह करावा लागला. आज जाल तर झाडी आणि चिऱ्यांचे ढिगारे. तरी दहावीच्या मुलांना मी तिथे एकदा नेणार आहे. प्रजासत्ताकदिनाची तारीख सत्तरीत आधीच लिहून ठेवलेली होती, हे जागेवर उभे राहून सांगायचे आहे.

२०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. रायगड, शिवनेरी, पन्हाळा, आणि आपल्या शेजारचा सिंधुदुर्ग. आपल्या सर्वांना त्याचा अभिमान वाटला. शाळेत पेढेही वाटले. हळर्ण, खोर्जुवे, नाणूस अशा यादीत कधी येणार नाहीत. त्यांना पाहायला विमानाने कोणी येणार नाही. ते पाहिले तर आपणच पाहायचे आणि जपले तर आपणच जपायचे. दुरुस्ती सरकार करील, पण दुरुस्तीनंतर पुन्हा झाडे उगवतात, चिरे निसटतात, आणि हे सरकारला कळवायला जवळचा माणूस लागतो.

म्हणूनच एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी आमची एक सहल एका किल्ल्यावर गेली होती. परतल्यावर महिन्याभराने मी माझ्या कुटुंबाबरोबर तिथे पुन्हा गेलो, तेव्हा तटाच्या आतल्या बाजूला, चुन्याच्या गिलाव्यावर, कंपासपेटीतल्या कर्कटकाने कोरलेली तीन नावे दिसली. खाली इयत्ता आणि शाळेचे नाव. आपल्या शाळेचे. अक्षर सुंदर होते. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. मी बराच वेळ तिथे उभा होतो. मुलांना बोलावून मी रागावलो नाही, कारण कोरू नये असे आम्ही त्यांना कधी सांगितलेच नव्हते. चिखल करू नका, रांग मोडू नका, पाण्याजवळ जाऊ नका, हे सगळे सांगितले होते. भिंत ही वस्तू आहे, ती दुखावते, हे सांगायचे राहून गेले. त्या तिघांना घेऊन मी पुन्हा किल्ल्यावर गेलो. ते अक्षर पुसता येत नाही, पुसायला गेले तर आणखी गिलावा पडतो, हे त्यांनी स्वतः पाहिले. त्यांतला एक आता इमारत बांधकामाचा कंत्राटदार आहे. भेटला की तो विषय तोच काढतो, मी नाही.

तेव्हा या वेळी कंपासपेटी, कर्कटक, पेनचाकू यांपैकी काही बरोबर आणायचे नाही. कागद आणि पेन्सिल मात्र अवश्य आणावी. प्रत्येक मुलाने किल्ल्याचे एक चित्र काढायचे आहे, पण अट अशी की चित्रात किल्ला नको, किल्ल्यावरून जे दिसते ते हवे. खोर्जुवेच्या त्या मुलीने मला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाला असे आपोआप मिळेल. ती मुलगी आता स्वतः शिक्षिका आहे आणि खोर्जुवेच्या दिवशी आपल्याबरोबर येण्याचे तिने कबूल केले आहे.

विश्वस्त मंडळींना खर्चाची काळजी आहे. दोन्ही सहली एकेका दिवसाच्या असल्याने मुक्कामाचा खर्च नाही. बस, फेरीबोट आणि जेवण एवढेच. जेवणाला भगवती देवळाच्या आवारात पंगत बसवता येईल का, याची विचारणा करीत आहोत. म्हैसूरच्या खर्चाच्या एका लहान हिश्श्यात शाळेतील प्रत्येक मुलाला नेता येईल. म्हैसूरला साधारण निम्मी मुले येतात, आणि कोणती निम्मी येत नाहीत हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे.

पालकांना काळजी सुरक्षिततेची आहे आणि ती रास्त आहे. पावसाळा संपल्यावर लगेच जाणार नाही, कारण तेव्हा तटावर शेवाळ असते आणि गवतात जनावर असू शकते. डिसेंबरचा दुसरा पंधरवडा ठरवला आहे. दर पंधरा मुलांमागे एक शिक्षक आणि एक पालक असतील. येऊ इच्छिणाऱ्या पालकांनी कार्यालयात नाव द्यावे. तटाच्या कडेला जाण्यास सक्त मनाई आहे. फेरीबोटीत गाडी चढत-उतरत असताना मुलांनी जागेवरून हलायचे नाही. सर्वांनी बूट घालून यावे, सँडल चालणार नाही.

संमतिपत्रे या वार्तापत्रासोबत दिली आहेत. ती भरून महिनाअखेरपर्यंत वर्गशिक्षकांकडे द्यावीत. ज्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत त्यांनी पत्राच्या मागच्या बाजूला आमोण्यातील जागांची जुनी नावे लिहून घ्यावीत. पाण्याची बाटली प्रत्येकाने घरूनच भरून आणावी.

मुख्याध्यापक